कारखान्याची राख आणि कृष्णेचं पाणी

साखर कारखान्याच्या पंचक्रोशीत राहणाऱ्यांना गळीत हंगाम सुरू झाल्याची बातमी पेपरात वाचावी लागत नाही. एका सकाळी दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काळे ठिपके दिसतात, गच्ची झाडली की केरसुणी काळी होते, आणि मग चार-पाच महिने घराघरांत तेच चालू राहतं. सातारा-सांगली भागात आपण या काजळीला इतके सरावलो आहोत, की ती नेमकी काय चीज आहे, असा प्रश्नही आता कुणाला पडत नाही.

उत्तर सोपं आहे. उसाचा रस काढून झाला की उरतं ते चिपाड, कारखान्याच्या भाषेत बगॅस. एक टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो बगॅस निघतं. तेच बॉयलरमध्ये जाळून कारखान्याला लागणारी वाफ आणि वीज तयार करतात. जळताना त्याचा काही भाग पुरता जळत नाही. हा अर्धवट जळलेला, हलका, भोकाभोकांचा कोळसा राखेबरोबर उडतो. चिमणीच्या अलीकडे बसवलेली यंत्रणा त्यातला बराचसा पकडते आणि कारखान्याच्या आवारात त्याचे ढीग लागतात. निसटलेला भाग तुमच्या-आमच्या सदऱ्यावर येऊन बसतो.

मी बरीच वर्षं या भागातल्या मुलांना रसायनशास्त्र शिकवलं. कोळशाचा धडा आला की मी ही राख पुडीत बांधून वर्गात न्यायचो. काचेच्या नरसाळ्यात गाळण कागद, त्यावर धुऊन वाळवलेली राख, आणि वरून पेल्यात विरघळवलेली निळी शाई सावकाश ओतायची. खालच्या भांड्यात उतरणारं पाणी जवळजवळ रंगहीन असायचं. मुलं टाळ्या वाजवायची. मग मी त्यांना सांगायचो, की या खेळाला फार जुना इतिहास आहे आणि त्या इतिहासात साखर अगदी सुरुवातीपासून आहे. तोच इतिहास आज थोडक्यात सांगतो.

साखर आणि हाडं

१७८५ साल. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये टोबियास लोविट्झ नावाचे एक औषधशास्त्रज्ञ होते. लाकडी कोळशाची पूड घातली की द्रावणाचा रंग जातो, हे त्यांच्या ध्यानात आलं. जहाजावरच्या पिंपांत साठवलेलं, वास मारणारं पाणीही कोळशाने सुधारतं, असं त्यांनी पुढे दाखवलं. आपल्याकडे पाण्यात तुरटी फिरवणं, निवळीची बी उगाळणं, वाळू आणि कोळसा घातलेल्या मडक्यांच्या उतरंडीतून पाणी गाळणं हे जुनंच होतं. लोविट्झ यांनी या अनुभवाला प्रयोगशाळेत आणलं.

कोळसा हे करतो कसं? चाळणीत खडे अडकतात तशी घाण कोळशात अडकते, असं बहुतेकांना वाटतं. गढूळपणाच्या बाबतीत ते थोडंफार खरंही आहे. पण पाण्यात पुरता विरघळलेला रंग चाळणीला कसा सापडणार? तो कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटतो. माळरानावरून चालत आलं की धोतराला कुसळं चिकटलेली असतात, तसाच हा प्रकार. शास्त्रात याला अधिशोषण म्हणतात. जितका पृष्ठभाग जास्त, तितकी चिकटायला जागा जास्त. चांगल्या सक्रिय कोळशाच्या फक्त एका ग्रॅममध्ये, आतली सगळी सूक्ष्म भोकं धरली, तर ५०० ते १५०० चौरस मीटर पृष्ठभाग भरतो. म्हणजे चिमूटभर पुडीत कबड्डीची चार ते अकरा मैदानं मावतात!

या शोधाचा फायदा सर्वांत आधी उचलला तो साखर धंद्याने. १८११ मध्ये फ्रान्सच्या फिगिए यांनी दाखवलं, की जनावरांची हाडं बंद भट्टीत भाजून केलेला कोळसा लाकडी कोळशापेक्षा रंग घालवण्यात सरस असतो. त्या वेळी नेपोलियन आणि इंग्लंड यांच्या वैरामुळे युरोपात वेस्ट इंडीजची उसाची साखर मिळेनाशी झाली होती आणि बिटापासून साखर काढण्याचे कारखाने निघत होते. त्यांना तपकिरी रस पांढरा करायचा होता. कत्तलखान्यातली टाकाऊ हाडं या कामी आली. एका उद्योगाचा कचरा दुसऱ्या उद्योगाची गाळणी झाल्याचं मोठ्या प्रमाणावरचं हे पहिल्या काही उदाहरणांपैकी एक.

याचे पडसाद आपल्याकडेही उमटले. स्वदेशीच्या चळवळीत परदेशी साखरेवर बहिष्कार घालताना ‘ती हाडांच्या कोळशाने साफ केलेली असते’ हा मुद्दा लोकांना फार भिडला. आज आपल्या कारखान्यांत साखर पांढरी करण्यासाठी प्रामुख्याने चुना आणि गंधकाचा धूर वापरतात, हाडांचा संबंध येत नाही. पण हे लक्षात ठेवू, की कोळशाने गाळण्याची विद्या मोठी केली ती साखरेने. १९००-०१ च्या सुमारास राफाएल फॉन ऑस्ट्रेइको यांनी लाकडासारख्या पदार्थांना वाफेची किंवा रसायनांची प्रक्रिया देऊन आधुनिक सक्रिय कोळसा बनवण्याची पेटंटं घेतली. तो कोळसा विकत घेणारं पहिलं मोठं गिऱ्हाईकही साखर कारखानेच होते. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांसाठी नारळाच्या करवंट्या आणि पीच फळांच्या कोयांचा कोळसा वापरला गेला. युद्ध संपल्यावर ही विद्या शहरांच्या पिण्याच्या पाण्याकडे वळली.

भाताच्या तुसापासून गाळणी

कचऱ्यापासून गाळणी करण्याचं आपल्या महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण पुण्याचं आहे. तिथे १९८१ मध्ये टाटा संशोधन, विकास आणि आरेखन केंद्र सुरू झालं. देशातल्या भात गिरण्यांत तुसाचे डोंगर साठतात. भाताच्या वजनात साधारण पाचवा हिस्सा तूस, आणि तूस जाळलं की त्याचा जवळपास पाचवा हिस्सा राख. ही राख मुख्यतः सिलिका, म्हणजे वाळूचंच अतिशय सच्छिद्र रूप, आणि सोबत थोडा कोळसा. या केंद्रातल्या संशोधकांनी राखेत सिमेंट आणि बारीक खडे मिसळून तिचा थर बसवला आणि घरगुती गाळणी तयार केली. तिचं नाव ‘सुजल’. ना वीज लागे, ना नळ. २००४ च्या त्सुनामीनंतर अशा गाळण्या आपद्‌ग्रस्त भागात वाटल्या गेल्या.

राखेच्या थराने गढूळपणा आणि बरेच जंतू अडत, पण सगळे जंतू मरत नसत. म्हणून पुढे राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवण्यात आले, आणि डिसेंबर २००९ मध्ये ‘टाटा स्वच्छ’ या नावाने हजार रुपयांच्या आत मिळणारं यंत्र बाजारात आलं. प्रयोगशाळेतली कल्पना दुकानाच्या फळीवर यायला वीसहून अधिक वर्षं लागली, हे इथे मुद्दाम नोंदवतो. नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेनेही औष्णिक वीज केंद्रांच्या राखेपासून झिओलाइट हा आयन बदलून घेणारा पदार्थ बनवण्याचं काम केलं आहे. राखेकडे कच्चा माल म्हणून पाहण्याची परंपरा महाराष्ट्रात नवी नाही.

आपल्याकडचे दोन ढीग

आता सातारा आणि सांगलीकडे येऊ. १९४९ पूर्वी हा एकच जिल्हा होता. मग दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. नकाशा बदलला तरी नदी एकच राहिली. महाबळेश्वरला उगवणारी कृष्णा वाई, माहुली, कराड करत सांगलीला येते. वाटेत तिला वेण्णा, कोयना, वारणा मिळतात.

या नदीच्या खोऱ्यात दोन प्रकारचे उद्योग रुजले. पहिला लोखंडाचा. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर ओतायला सुरुवात केली. पुढे सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा नांगरांचा आणि इंजिनांचा कारखाना उभा राहिला. आज मिरज, कुपवाड, सातारा इथल्या औद्योगिक वसाहतींत फाउंड्री आणि लेथची कामं चालतात. दुसरा उद्योग साखरेचा. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिल्यावर हे लोण आपल्याकडे पोचलं. सांगली, रेठरे बुद्रुक, साखराळे, भुईंज, शेंद्रे ही नावं घेतली की चिमण्याच डोळ्यांपुढे येतात.

म्हणजे आपल्याकडे दोन ढीग आहेत. एक बगॅसच्या राखेचा, दुसरा बीड कातताना पडणारा चुरा आणि साचे काढून झालेली काळी वाळू यांचा. या दोन्ही ढिगांवर दुसरीकडे चांगलं संशोधन झालेलं आहे.

बगॅसच्या राखेवरचं महत्त्वाचं काम रुरकीच्या शास्त्रज्ञांनी केलं. त्यांनी साखर कारखान्याची राख आणली, हायड्रोजन पेरॉक्साइडने साफ केली, धुतली, वाळवली आणि तिच्यातून दूषित पाणी गाळून पाहिलं. लिंडेन आणि मॅलॅथिऑन या कीटकनाशकांवरचे त्यांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. २००३ मध्ये त्यांनी दाखवलं, की प्रयोगशाळेतल्या परिस्थितीत पाण्यातलं कॅडमियम आणि निकेल सुमारे ९० टक्क्यांपर्यंत काढता येतं, तेही तास-दीड तासात. कॅडमियम आणि निकेल हे मुलामा देण्याच्या कारखान्यांतून येणारे विषारी धातू. ज्या राखेला आपण उपद्रव समजतो तिची ही करामत.

बीडाच्या चुऱ्याची कथा आपल्या शेजारच्या बांगलादेशातली आहे. तिथे १९९० च्या दशकात लाखो कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचं उघड झालं. मूळचे कुश्तियाचे आणि अमेरिकेत रसायनशास्त्र शिकवणारे अबुल हुसाम यांनी गावातल्या माणसाला परवडेल अशी गाळणी शोधायचं मनावर घेतलं. त्यांची ‘सोनो’ गाळणी म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन बादल्या. आत नदीची वाळू, विटांचे तुकडे, लाकडी कोळसा, आणि या सगळ्याच्या मध्यभागी लेथवरच्या बीडाच्या चुऱ्यावर प्रक्रिया करून केलेला थर. लोखंड गंजतं आणि त्या गंजाला आर्सेनिक घट्ट धरून बसतं. २००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीने या कामाला दहा लाख डॉलरचं ग्रेंजर पारितोषिक दिलं आणि हुसाम यांनी त्यातला मोठा वाटा गाळण्या वाटण्यासाठीच खर्ची घातला. फाउंड्रीच्या काळ्या वाळूवरही काम झालं आहे. तिच्यातले लोखंडाचे कण, माती आणि कोळशाचा अंश भूजलातली काही रसायनं अडवतात, हे २००४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी मांडलं.

हे सांगितलं की कुणीतरी हमखास विचारतं, ‘सर, मग आपल्या कारखान्यांनी राखेची गाळणी लावली की कृष्णा साफ होईल का हो?’ नाही होणार. हे स्पष्ट सांगणं माझं कर्तव्य आहे.

गाळणीची मर्यादा

नदी मरते ती मुख्यतः प्राणवायूच्या अभावाने. मळीमिश्रित किंवा मैलामिश्रित पाणी नदीत गेलं की ते खाण्यासाठी जिवाणूंची झुंबड उडते. ते पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात आणि मासे गुदमरतात. ही भूक मोजायचं माप म्हणजे बीओडी. नदीत सोडायच्या पाण्यात ती लिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी असा दंडक आहे. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतं, आणि कच्च्या स्पेंटवॉशची ही भूक ४० ते ५० हजारांच्या घरात असते. इतकी घाण राखेच्या थरावर सोडली तर तो थर तासाभरात भरून जाईल. तिच्यासाठी बायोगॅसच्या टाक्या, बाष्पीभवन, कंपोस्ट असे वेगळे उपाय आहेत आणि ते करणं डिस्टिलरीवर बंधनकारक आहे. शहराच्या मैल्यासाठी शुद्धीकरण केंद्रच हवं. सांगलीचा शेरीनाला राखेने साफ होणार नाही.

महाराष्ट्राने पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध १९६९ मध्येच कायदा केला आणि १९७० मध्ये मंडळ नेमलं. देशाचा कायदा त्यानंतर, १९७४ मध्ये आला. तरीही २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी सांगलीच्या आसपास कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण वाचल्या. त्याच नदीचं पाणी शुद्ध करून खालच्या गावांना प्यायला देतात. वरच्या गावाचं सांडपाणी हे खालच्या गावाचं पिण्याचं पाणी असतं, ही गोष्ट आपल्या खोऱ्यात रोज घडते.

मग राखेच्या गाळणीचं काम कोणतं? शेवटचा हात फिरवण्याचं. मुख्य शुद्धीकरण झाल्यावर पाण्यात राहणारा रंग, वास, धातूंचा अंश, कीटकनाशकांचा अंश काढण्याचं. छोट्या रंगाई किंवा मुलाम्याच्या कारखान्याला महागडा सक्रिय कोळसा परवडत नाही. त्याच्या दारात धुतलेल्या राखेची टाकी बसली, तर ओढ्यात जाणारं विष कमी होईल. आणि राख, चुरा, वाळू वीस-पंचवीस किलोमीटरच्या टप्प्यात मिळते, ही आपली मोठी सोय आहे.

पण त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतील. पहिली, राखेची प्रतवारी. एका कारखान्याची राख दुसऱ्यासारखी नसते, आणि एकाच बॉयलरची डिसेंबरची राख मार्चसारखी नसते. ओला बगॅस, भट्टीचं तापमान, उसाबरोबर आलेली माती यांवर तिचा गुण ठरतो. ती न धुता वापरली तर तिच्यातलेच क्षार पाण्यात उतरतात. दुसरी, किंमत. आज बगॅसला वीजनिर्मितीत आणि कागद धंद्यात भाव आहे, बीडाचा चुरा भंगारवाले ‘बोरिंग’ म्हणून उचलतात, पण राख वीटभट्टीला किंवा कंपोस्टला जवळजवळ फुकट जाते. धुऊन, चाळून, तपासून दिलेल्या राखेला कुणी दोन पैसे जास्त मोजले, तरच ती तशी तयार होईल.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. वापरून झालेल्या राखेचं काय करायचं? गाळणी घाण नाहीशी करत नाही, फक्त एका जागी गोळा करते. कॅडमियम धरून बसलेली राख कुणी ओढ्याकाठी ओतली, तर पहिल्या पावसात ते विष पुन्हा नदीत. साखर धंद्याने हाडांचा कोळसा पुन्हा भट्टीत भाजून वापरायची युक्ती दोनशे वर्षांपूर्वीच शोधली होती, कारण कोळसा महाग होता. आपली राख स्वस्त आहे, आणि स्वस्त वस्तू फेकून द्यायला माणूस मागेपुढे पाहत नाही. म्हणून गाळणी बसवण्याआधीच ठरलं पाहिजे, की भरलेली राख कोण उचलणार, ती कुठे सुरक्षित पुरणार आणि त्याचा खर्च कुणाच्या खाती पडणार. माझ्या मते तो ज्याने पाणी घाण केलं त्याच्याच खाती पडावा, आणि त्याची नोंद गावाला बघायला मिळावी.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दरवर्षी मुलं अशा गाळण्यांचे प्रकल्प करतात. आकडे चांगले येतात, अहवाल बांधला जातो, गुण मिळतात आणि अहवाल कपाटात जातो. एखाद्या कारखान्याने आपल्या आवारात, आपल्याच राखेवर, एक पूर्ण हंगाम अशी टाकी चालवावी. आत येणारं आणि बाहेर जाणारं पाणी दर आठवड्याला तपासावं, आणि आकडे चांगले असोत की वाईट, फळ्यावर लिहून फाटकाशी लावावेत. एका हंगामाची ती वही शंभर भाषणांपेक्षा जास्त शिकवेल, माझ्या या भाषणासकट.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)